एलडीएल ठीक, पण सेरामाइडचा गुणांक ८ : ही चाचणी आपल्याकडच्या माणसाने करावी का?

गोलाईकर (लातूर)
३ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. या विभागात आजवर मी वाचकच राहिलो आहे. आज मात्र घरचाच प्रश्न असल्याने सविस्तर लिहितो.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला असतो. वय ४३, तंबाखू-सिगारेट काही नाही, रक्तदाब बरा, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) ९८. आमच्या वडिलांचे निधन वयाच्या ४९ व्या वर्षी हृदयविकाराने झाले, हे ऐकून त्याच्या तिकडच्या डॉक्टरांनी नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीबरोबर रक्तातील 'सेरामाइड' नावाच्या घटकाचीही तपासणी करून घेतली. वेळ अमावास्येला तो गावी आला होता. शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी आणि आंबील झाली, आणि मंडळी पांगल्यावर त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर हिरव्यापासून लालपर्यंत एक पट्टी होती आणि पट्टीवरच्या नारिंगी भागात काळा त्रिकोण होता : १२ पैकी ८, 'वाढलेला धोका'. त्याच कागदाच्या वरच्या अर्ध्यात एलडीएलसमोर 'योग्य' असे लिहिलेले होते. एकाच माणसाचे, एकाच दिवशी काढलेले रक्त वर एक सांगते आणि खाली दुसरे, हे कसे?

वडील आडत बाजारात मुनीम होते. उंच, काटक, पोट अजिबात नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये तुरीचे माप चालू असताना ते पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले, पित्त झाले असेल म्हणाले, सोडा मागवला आणि तो यायच्या आत गेले. त्या काळी त्यांची कसली तपासणी झालेलीच नव्हती.

आता माझे आकडे देतो. वय ४७, एलडीएल ११२, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड १९०, उपाशीपोटी साखर १०८, कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर. माझे प्रश्न तीन आहेत. हे सेरामाइड म्हणजे नेमके काय? ते एलडीएलपेक्षा जास्त सांगते का? आणि मीही ही चाचणी कुठून तरी करून घ्यावी का?

गोदाकाठचा मास्तर (नांदेड)
३ जानेवारी, रात्री ११.१५

मी जैवरसायनशास्त्र शिकवतो, वैद्य नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि उरलेले दोन जाणकारांकडे सोपवतो.

सेरामाइड हा एक मेद आहे, पण आपण स्वयंपाकात ज्याला मेद म्हणतो तसा तो नाही. तेल-तुपातील मेदात ग्लिसरॉलच्या कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. सेरामाइडमध्ये कणा स्फिंगोसिनचा असतो आणि त्याला एकच मेदाम्ल जोडलेले असते. 'स्फिंगोसिन' हे नाव योहान थुडिकुम या जर्मनीत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झालेल्या वैद्याने १८८४ मध्ये मेंदूच्या रासायनिक घडणीवरील आपल्या ग्रंथात दिले. या पदार्थाने त्याला इतकी कोडी घातली, की त्याने त्याचे नाव कोडे घालणाऱ्या स्फिंक्सवरून ठेवले. माझ्या वर्गातील मुलांना हे नाव मात्र कायम लक्षात राहते, बाकी सूत्रे राहोत न राहोत.

शरीरात सेरामाइड तीन वाटांनी तयार होते. पहिली वाट अगदी मुळापासूनची : सेरीन हे अमिनो आम्ल आणि पामिटिक आम्ल हे १६ कार्बनांचे संपृक्त मेदाम्ल एकत्र येतात आणि काही पायऱ्यांनंतर सेरामाइड बनते. दुसऱ्या वाटेत पेशीच्या पापुद्र्यातील स्फिंगोमायलिन तुटते. तिसरी वाट जुन्या मालाच्या पुनर्वापराची. हृदयाच्या संदर्भात पहिल्या वाटेला फार महत्त्व आहे, कारण तिचा कच्चा माल पामिटिक आम्ल आहे. ते आहारातून येते आणि गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या साखर-पिठापासून यकृत स्वतःही ते तयार करते.

आता गोलाईकरांच्या कागदावरील त्रिकोणाकडे येतो. जोडलेले मेदाम्ल किती लांबीचे आहे, यावर सेरामाइडचा स्वभाव ठरतो. १६:०, १८:० आणि २४:१ या तीन प्रकारांची पातळी वाढलेली असली तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका जास्त आढळतो. (विसर्गापूर्वीचा आकडा कार्बनांचा, नंतरचा दुहेरी बंधांचा.) २४:० हा चौथा प्रकार बहुतेक पाहण्यांत निरुपद्रवी किंवा थोडा हितकारकच दिसतो. म्हणून गुणांक काढताना पहिल्या तिघांची पातळी आणि त्या प्रत्येकाचे २४:० शी असलेले गुणोत्तर, अशा सहा गोष्टी घेतात. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण मिळतात, एकूण १२. त्यात ० ते २ कमी धोका, ३ ते ६ मध्यम, ७ ते ९ वाढलेला आणि १० ते १२ उच्च, अशी विभागणी आहे.

त्यामुळे वर एक आणि खाली दुसरे असे जे दिसते त्यात विसंगती नाही. एलडीएल हे कणांत भरलेल्या कोलेस्टेरॉलचे माप आहे. सेरामाइड त्याच कणांवर स्वार होऊन फिरत असले तरी ते पेशींमध्ये मेदाची हाताळणी कशी चालली आहे याची खबर देते. प्रमाणही पाहा : रक्तातील कोलेस्टेरॉल लिटरमागे काही मिलिमोल असते, तर १६:० हे सेरामाइड एका मायक्रोमोलचाही अंश असते. ते मोजायला जिल्ह्याच्या गावातील प्रयोगशाळेचा ऑटो-अॅनालायझर पुरत नाही, वस्तुमान वर्णपटमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) लागतो.

शंकेखोर बीडकर
४ जानेवारी, सकाळी ८.०५

मास्तरांनी समजावून फार छान सांगितले, पण मला एक सांगा. दर दोन-चार वर्षांनी हृदयासाठी एक नवा निर्देशांक येतो, त्याचा रंगीत कागद येतो आणि त्याची पावती येते. होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे आपण पाहिले आहे. रक्तातील होमोसिस्टीन वाढलेले असले की हृदयविकार जास्त, हे खरे होते. म्हणून लोकांना फॉलिक आम्ल आणि ब-जीवनसत्त्वे देऊन मोठ्या चाचण्या केल्या, होमोसिस्टीन खाली आले, आणि हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. सेरामाइड हे चोराच्या घरी सापडलेले सामान आहे की चोर आहे? सामानच असेल तर ते मोजून मला काय मिळणार?

योगेश्वरीनगर (अंबाजोगाई)
४ जानेवारी, दुपारी २.३०

बीडकरांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. मी फिजिशियन आहे. ओपीडी संपवून लिहिते आहे, म्हणून थोडे विस्कळीत झाल्यास सांभाळून घ्यावे.

आधी 'सामान' किती भरवशाचे आहे ते पाहू. २०१६ मध्ये लाक्सोनेन आणि सहकाऱ्यांनी युरोपियन हार्ट जर्नलमध्ये फिनलंड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथील हृदयरुग्णांच्या तीन गटांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत आधीच रोग होता, अशा माणसांमध्ये या सेरामाइडांवरून हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा अंदाज एलडीएलपेक्षा चांगला बांधता आला. त्याच वर्षी फिनलंडच्या सर्वसाधारण लोकसंख्येतील ८,१०१ जणांच्या पाहणीतही, म्हणजे रुग्ण नसलेल्या माणसांतही, तीच दिशा दिसली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१६ मध्ये ही चाचणी रुग्णांसाठी सुरू केली. पुढे २०२० मध्ये सेरामाइडांबरोबर काही फॉस्फोलिपिडेही धरणारा सुधारित गुणांक आला. म्हणजे एखाद्या कंपनीच्या पत्रकावर उभा असलेला हा प्रकार नव्हे.

आता चोर कोण, हा प्रश्न. माणसांमध्ये केवळ सेरामाइड कमी करणारे औषध देऊन झटके कमी झाले, असे सिद्ध करणारी एकही चाचणी आजवर झालेली नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाने सेरामाइड कमी होते, पण स्टॅटिनने एलडीएलही कमी होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे वेगळे काढता येत नाही. अमेरिकी किंवा युरोपीय मार्गदर्शक सूत्रांनी ही चाचणी सरसकट करावी असे म्हटलेले नाही. इतपत बीडकरांच्या बाजूने.

पण गोलाईकर, तुमच्यासाठी आणखी एक मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोणत्या पातळीला किती गुण द्यायचे, हे ज्या रक्तांवरून ठरले ती रक्ते युरोपीय माणसांची आहेत, आणि त्यांतील बहुतेक आधीच हृदयरुग्ण होते. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या, ४७ वर्षांच्या, अजून छातीत एकदाही न दुखलेल्या लातूरच्या माणसाला तीच पट्टी लावायची, तर ती थोडी सैल धरावी लागेल. आपली माणसे या रोगाला लवकर बळी पडतात हे तर पक्के ठाऊक आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातील आकडे २००७ मध्ये वेगळे काढून पाहिले तेव्हा दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५८.८ व्या वर्षी, असे दिसले होते. त्या अभ्यासाने त्याची कारणेही बहुतांशी नेहमीचीच दाखवली : तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या प्रथिनांचे बिघडलेले गुणोत्तर, भाज्या-फळांची आणि व्यायामाची वानवा. या यादीतील तीन गोष्टी तुम्ही स्वतःच वर लिहून दिल्या आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेला रक्त पाठवावे लागत नाही.

घाणेवाला (परभणी)
४ जानेवारी, सायंकाळी ७.२०

डॉक्टरताई आणि मास्तर, दोघांनाही नमस्कार. माझा लाकडी घाणा आहे, करडई आणि शेंगदाणा काढतो. मास्तरांनी पामिटिक आम्लाचे नाव घेतले म्हणून विचारतो. आमच्याकडे येणारी म्हातारी माणसे म्हणतात की करडईचे तेल खाणाऱ्याच्या हृदयाला काही होत नाही. आपला मराठवाडा करडईचाच मुलूख होता. आता सोयाबीनने शिवार व्यापले आणि स्वयंपाकघरात पामोलिनची पिशवी आली. हे सेरामाइड त्या पिशवीतूनच आले असे म्हणता येईल का? तसे असेल तर मी दुकानावर पाटीच लावतो.

गोदाकाठचा मास्तर (नांदेड)
४ जानेवारी, रात्री १०.५०

पाटी लावण्याची घाई करू नका. तुमच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यात एक मोठा खड्डा आहे.

सत्य असे. पाम तेलात पामिटिक आम्ल साधारण ४४ टक्के असते आणि करडईत ६-७ टक्के. करडईचा तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्ल या असंपृक्त मेदाम्लाचा असतो. फिनलंडमध्ये ३८ जादा वजनाच्या माणसांना तीन आठवडे रोज १,००० कॅलरी जादा खायला देण्यात आल्या : एका गटाला संपृक्त मेदातून, दुसऱ्याला असंपृक्त मेदातून आणि तिसऱ्याला साध्या साखरेतून. कॅलरी तिघांनाही सारख्याच होत्या. संपृक्त गटाच्या यकृतातील मेद ५५ टक्क्यांनी वाढला, साखरेच्या गटात ३३ टक्क्यांनी आणि असंपृक्त गटात १५ टक्क्यांनी. रक्तातील सेरामाइड संपृक्त गटात वाढले. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे कोणता मेद खातो याने फरक पडतो, आणि तो महिन्याच्या आत दिसतो. साखरेचा ३३ हा आकडाही विसरू नका; दिवसातून सहा वेळा गोड चहा पिऊन 'मी तेल अगदी कमी खातो' म्हणणारे माझ्या घरातच आहेत.

आता खड्डा. करडईच्या तेलाची हृदयरुग्णांवर खरोखरच चाचणी झाली होती, १९६६ ते १९७३ या काळात, ऑस्ट्रेलियातील सिडनीत. नुकताच झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला लोणी-चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याचेच मार्गारीन (तेलापासूनचे कृत्रिम लोणी) देण्यात आले. कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे उतरले. पण करडई गटात १७.६ टक्के माणसे दगावली आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. हरवलेली माहिती शोधून काढून तिचे पूर्ण विश्लेषण थेट २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. यावर वाद आहेत, आणि त्यांतला रास्त वाद असा की त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स मेद असायचे, तेव्हा दोष करडईचा की मार्गारीनचा हे सांगता येत नाही. तरीही 'करडई खा आणि निर्धास्त राहा' अशी पाटी लावणाऱ्याने हा आकडा माहीत असताना ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पेनमधील प्रेडिमेड या आहार-चाचणीतील माणसांच्या रक्तातही सेरामाइडे मोजली गेली (२०१७). सुरुवातीला ज्यांची पातळी वरच्या चौथ्या हिश्श्यात होती त्यांना पुढे झटका किंवा पक्षाघात होण्याचे प्रमाण खालच्या हिश्श्याच्या दुपटीच्या आसपास निघाले, आणि ऑलिव्ह तेल वा कवचफळे घालून दिलेल्या भूमध्यसागरी आहारात हा धोका बोथट झाल्यासारखा दिसला. तिथे केवळ तेल बदलले नव्हते. भाज्या, कडधान्ये, मासे असे सगळे ताटच होते. आपल्या ताटात त्याच्या जवळचे काय, असे कोणी विचारले तर मी जवस आणि कारळाची चटणी, शेंगदाणे, तुरीचे वरण, अंबाडी आणि चुका ही नावे घेईन. तेल घाण्याचे असो की पिशवीतले, महिन्याला माणशी किती लागते, हे आधी पाहावे.

औट्रम घाट (छत्रपती संभाजीनगर)
५ जानेवारी, सकाळी १०.१०

माफ करा, प्रश्न बावळट वाटेल. मी गेले वर्षभर चेहऱ्याला सेरामाइडचे क्रीम लावते, बाटलीवर तसे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. हा धागा वाचून काल रात्री लावलेच नाही. त्याने रक्तातील सेरामाइड वाढते का?

योगेश्वरीनगर (अंबाजोगाई)
५ जानेवारी, दुपारी ३.००

बावळट मुळीच नाही, माझ्या मुलीनेही हेच विचारले होते. निर्धास्तपणे लावा. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मेदांपैकी जवळजवळ निम्मा भाग सेरामाइडांचा असतो. विटांमधल्या गिलाव्यासारखे ते ओलावा धरून ठेवतात. ती सेरामाइडे त्वचा स्वतः बनवते आणि त्यांच्या साखळ्या कितीतरी लांब असतात. रक्तात फिरणारी सेरामाइडे मुख्यतः यकृतातून मेदवाहक कणांवर बसून बाहेर पडतात. नाव एकच असले तरी घराणी वेगळी आहेत.

शंकेखोर बीडकर
५ जानेवारी, रात्री ८.४५

चोर-सामानाचे उत्तर अजून अर्धेच मिळाले आहे. माणसांतील पुरावा नाही, मान्य. पण रोहिणीत सेरामाइड करते तरी काय, याची काही यंत्रणा ठाऊक आहे का? होमोसिस्टीनच्या वेळीही यंत्रणा सांगितली जात होती, हे ध्यानात ठेवून विचारतो आहे.

गोदाकाठचा मास्तर (नांदेड)
५ जानेवारी, रात्री ११.३०

यंत्रणा ठाऊक आहे, निदान तीन ठिकाणी.

रोहिणीच्या आतल्या अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात आणि त्यामुळे रोहिणी सैलावते. (या वायूच्या शरीरातील या कामाच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले आहे.) तो बनवणारे विकर (एन्झाइम) चालू राहण्यासाठी त्यावर फॉस्फेट चिकटलेले असावे लागते. सेरामाइड वाढले की पीपी-२ए नावाचे दुसरे विकर चेकाळते आणि ते फॉस्फेट काढून टाकते. वायू घटतो, रोहिणी ताठर राहते. स्नायू आणि यकृतात जवळपास हीच युक्ती इन्सुलिनच्या निरोपाच्या साखळीवर चालते. इन्सुलिन दारावर येऊन हाक मारते पण आत कोणी उठत नाही. हाच इन्सुलिनरोध. तिसरे ठिकाण एलडीएलचा कण : रोहिणीच्या भिंतीत अडकलेल्या कणांवरील स्फिंगोमायलिन तुटून तिथेच सेरामाइड बनले की ते कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि भक्षक पेशी ते गिळून फुगतात.

प्राण्यांमध्ये याच्या पुढचे पाऊल पडलेले आहे. मायरिओसिन हे बुरशीपासून मिळणारे द्रव्य सेरामाइडच्या मुळापासूनच्या वाटेवरील पहिलेच विकर बंद करते. रोहिण्यांत मेद साचण्याचा जन्मजात कल असलेल्या उंदरांना ते दिल्यावर त्यांच्या रोहिण्यांतील थर कमी झाले. उंदरांत चोर पकडला गेला असे म्हणायला हरकत नाही. पण उंदरांचे किती इलाज माणसांपर्यंत पोहोचले याचा हिशेब बीडकरांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल, तेव्हा तिथे मी थांबतो.

गोलाईकर (लातूर)
६ जानेवारी, सकाळी ७.३०

सर्वांचे आभार. एक गोष्ट मनातून जात नाही. वडिलांना पोट नव्हते. त्यांचा सदरा मी अजून ठेवला आहे, तो माझ्या बारावीतल्या मुलाला घट्ट होतो. वाळक्या माणसाच्या रक्तात हे सगळे कुठून येणार?

योगेश्वरीनगर (अंबाजोगाई)
६ जानेवारी, दुपारी ४.१५

२००४ मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघेही दिसायला सारखेच सडपातळ, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३. युडकिन यांच्या शरीरातील मेद ९.१ टक्के भरला आणि याज्ञिकांच्या शरीरातील २१.२ टक्के. आपल्याकडच्या वाळक्या माणसाचे स्नायू कमी असतात आणि मेद आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती बसलेला असतो. सदऱ्याच्या मापातून तो दिसत नाही. त्यातच भारतीय पुरुषासाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, १०२ नव्हे. तेव्हा तुम्ही ९४ सेंटिमीटर हा आकडा जितक्या सहजपणे लिहिला तितका तो सहज नाही. तुमचे कमी एचडीएल, चढलेले ट्रायग्लिसराइड आणि १०८ साखर हे त्रिकूटही त्याच आतल्या मेदाकडे बोट दाखवते. अशा माणसाचे सेरामाइड वाढलेले निघण्याची शक्यता बरीच असते. ते वाढलेले निघाले तर मी तुम्हाला जे सांगेन, तेच न मोजताही सांगणार आहे. म्हणून मी ती चाचणी तुमच्यासाठी सुचवत नाही.

ज्यामुळे निर्णय खरोखर बदलू शकतो अशा चाचण्या मात्र सुचवते. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलपी-ए हा एलडीएलसारखाच मेदवाहक कण, आयुष्यात एकदाच मोजायचे असते. ते जवळजवळ संपूर्णपणे आनुवंशिक असते, आहार-व्यायामाने हलत नाही आणि नेहमीच्या एलडीएलच्या आकड्यावरून त्याचा अंदाज येत नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या सूत्रांत ते प्रत्येकाने एकदा तपासावे असे म्हटले आहे. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर ते जास्त धरतात. वडील ५५ च्या आत गेले असतील तर हे तपासल्याशिवाय राहू नये. त्याबरोबर एपो-बी (एलडीएलसारख्या कणांवरील प्रथिन) आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर) करा आणि रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. या चाचण्या लातुरात होतात.

तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. त्याची चाचणी झालीच आहे आणि ती ८ आली आहे. एलडीएल ९८ म्हणून त्याला कोणी औषध दिले नसते. कौटुंबिक इतिहास आणि हा गुणांक एकत्र ठेवून त्याच्या डॉक्टरांशी स्टॅटिनबद्दल बोलायला आता सबळ कारण आहे. अशा उंबरठ्यावरच्या माणसासाठी या चाचणीचा उपयोग मला पटतो.

शंकेखोर बीडकर
६ जानेवारी, सायंकाळी ६.००

हे उत्तर मला पटले. माझे होमोसिस्टीनचे उदाहरण मी मागे घेत नाही, पण गुंडाळून ठेवतो.

गोलाईकर (लातूर)
२ फेब्रुवारी, रात्री १०.०५

महिनाभराने कळवतो आहे. एलपी-ए ८६ निघाले. एपो-बी ११४, एचबीए१सी ६.१. रक्तदाबाच्या चौदा नोंदींपैकी नऊ १३५ च्या वर आहेत. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी आणि टूडी इको करून घेतले, दोन्ही ठीक आले. रोसुवास्टॅटिन सुरू केले आहे आणि रक्तदाबाचे औषध महिनाभर चालून पाहिल्यावर ठरवू म्हणाले. पहाटे बाभळगाव रस्त्याला पाऊण तास चालतो. चहा सहावरून दोनवर आला आहे, तिसऱ्याची तल्लफ चार वाजता येते आणि साडेचारला जाते, हे मला या वयात कळले. तेलाचा हिशेब मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे काढला : आम्हा चौघांना महिन्याला पाच लिटर लागत होते. बायकोने तो आकडा दोनदा तपासला.

भावालाही एलपी-ए तपासायला सांगितले, त्याचे ७९ आले. त्याच्या डॉक्टरांनीही स्टॅटिन दिले आहे आणि सेरामाइडची चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करणार आहेत.

एक विचारायचे राहिले. स्टॅटिनने माझे एलपी-ए किती उतरेल?

योगेश्वरीनगर (अंबाजोगाई)
३ फेब्रुवारी, दुपारी २.५०

उतरणार नाही, उलट किंचित चढलेही तरी घाबरू नका. एलपी-ए हातात नसल्यामुळेच बाकीचे जे हातात आहे ते अधिक कडकपणे खाली ठेवायचे, यासाठी स्टॅटिन आहे. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड आणि यकृताची तपासणी पुन्हा करा. तुमच्यासारख्याचे एलडीएल ७० च्या खाली आणण्याचा प्रयत्न मी केला असता, पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. स्नायू विनाकारण दुखू लागले तर गोळी आपल्या मनाने बंद न करता त्यांना दाखवा. भावाचा गुणांक ८ वरून खाली आला तर आनंदच आहे, मात्र तो उतरला म्हणून त्याने औषध सोडू नये.

बारावीतल्या मुलाची परीक्षा झाली की त्याचेही एलपी-ए एकदा करून घ्या. आधी करू नका, उगाच अभ्यासातून लक्ष जाईल.

घाणेवाला (परभणी)
३ फेब्रुवारी, सायंकाळी ७.३५

चौघांना पाच लिटर म्हणजे माणशी सव्वा लिटर झाले, गोलाईकर. माझ्या गिऱ्हाइकांत हा आकडा कमीच म्हणावा लागेल. पाटी लावलेली नाही. पण दर गिऱ्हाइकाला आता विचारतो, घरात माणसे किती आणि डबा किती दिवस पुरतो. दोघे रागावून गेले. एक बाई मात्र पाच लिटरचा डबा परत ठेवून तीनचा घेऊन गेल्या.